डाव्या गालावरचा तीळ

मला कोरियन येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर हे वाचून कुणीतरी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात मला गाठणार आणि "काका, दोन वाक्यं बोलून दाखवा ना" म्हणून मागे लागणार. एकही येत नाही. आणि तरी मी कोलोनमध्ये सव्वीस वर्षं एक कोरियन दैनिक छापलं.

मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी "शिंदेकाका, नोकरीतले अनुभव लिहा" म्हणून फोन केला तेव्हा मी त्यांना म्हटलं, अहो, आमच्या नोकरीत अनुभव कसले? शाई लागली, धुतली. पुन्हा लागली, पुन्हा धुतली. पण फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "अहो, हानचं लिहा की." सुमन असं म्हणाली की विषय संपतो, म्हणून हानचं लिहितो.

आधी धंदा सांगतो. मी मूळचा सांगलीचा. तिथल्या एका दैनिकात खिळे जुळवण्यापासून सुरुवात केली, मग ऑफसेट शिकलो, मग इकडे आलो. कोलोनच्या बाहेर, कारखान्यांच्या वस्तीत आमचा छापखाना होता. तिथे सुपरमार्केटची पत्रकं छापायची, टर्किश पेपर छापायचे, आणि संध्याकाळी या कोरियन दैनिकाची युरोप आवृत्ती. सोलमध्ये मध्यरात्री पेपर तयार व्हायचा तेव्हा आपल्याकडे दुपारचे चार वाजलेले असायचे. सुरुवातीला विमानाने फिल्म यायच्या, पुढे पानं थेट मशीनवर यायला लागली. ती जशीच्या तशी छापायची. फक्त एक पान इथलं असायचं, पान सात. ते बाकसाहेब करायचे.

बाकसाहेब म्हणजे युरोप आवृत्तीचे संपादक, वार्ताहर, जाहिरात विभाग आणि चहा करणारे, सगळं एकच. बारीक अंगाचा, कायम टाय लावलेला माणूस. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत बसायचे. पान सातवर काय असावं हे सोलने ठरवून दिलं होतं: मंडळांच्या सहली, चर्चचा बाजार, साठीचे समारंभ, लोणच्याच्या कोबीच्या जाहिराती आणि मृत्यूच्या बातम्या. राजकारण नाही, कोर्टकचेरी नाही. मला अक्षर कळत नसल्यामुळे बाकसाहेब प्रत्येक तुकड्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात लाल ठिपका काढून द्यायचे. ठिपका वर डावीकडे आला की मजकूर सरळ, एवढंच माझं कोरियन.

हा पेपर कोण वाचायचं? साठ-सत्तरच्या दशकांत कोरियाहून हजारो माणसं इथे आली. पुरुष रूरच्या कोळशाच्या खाणींत, बायका इस्पितळांत नर्स म्हणून. पुष्कळसे इथेच राहिले. त्यांच्या गावी, त्यांच्या बापाच्या घरी हाच पेपर यायचा, म्हणून इथेही हाच. पेपर कडक उजवा. सैन्याच्या बाजूचा, अमेरिकेच्या बाजूचा, उत्तर कोरियाचं नाव घेतलं तरी दात-ओठ खाणारा. हॅम्बर्गला एक निवृत्त नर्सबाई होत्या. त्या दर शुक्रवारी आठवड्याचे अग्रलेख कापून, लाल शाईने चुका काढून, पोस्टाने परत पाठवायच्या. खाली सही, आणि कधीकधी दहापैकी मार्क. तीनाच्या वर कधी गेले नाहीत. मी म्हटलं, "बाकसाहेब, एवढा राग आहे तर बाई वर्गणी बंद का करत नाहीत?" ते म्हणाले, "छे! मग त्या भांडणार कुणाशी?" बाईंची सगळी कात्रणं त्यांनी कपाटात जपून ठेवली होती.

बाकसाहेबांना आपल्या पेपरचा भारी अभिमान. जेवणाच्या डब्यावर ते मला इतिहास सांगायचे. जपान्यांच्या राज्यात पेपर निघाला, जपान्यांनी तो बंद पाडला, ते गेल्यावर पुन्हा उभा राहिला. त्याच्या छापखान्यात लोक उपाशी राहून काम करायचे. मग सेनापतींचं राज्य आलं, आणि तिथे आलं की बाकसाहेब डब्याचं झाकण लावायचे. "आल्झो, त्याचं असं, तो काळ अवघड होता" एवढंच म्हणायचे. मीही खोदून विचारलं नाही. मला भाषा येत नव्हती ही माझी फार मोठी सोय होती, हे आज कळतं. रोज हजारो प्रती काढायच्या आणि आत काय आहे ते आपल्याला माहीतच नाही. झोप छान लागायची.

आता माझी चूक. पहिल्याच वर्षी कोरियन खाणकामगारांच्या मेळाव्याचा फोटो पान सातवर होता. मागे भला मोठा झेंडा. फोटोच्या फिल्मवर बाकसाहेब ठिपका काढायला विसरले आणि मी फिल्म पालथी लावली. म्हणजे फोटो आरशात दिसतो तसा छापला गेला. माणसांचं कुणाला काही कळलं नाही, पण झेंड्याच्या चार कोपऱ्यांतल्या काळ्या रेघा इकडच्या तिकडे झाल्या. राष्ट्रभक्त पेपर आणि झेंडा उलटा! दुसऱ्या दिवशी फोन वाजायचा थांबेना. बाकसाहेब वर नव्हते, म्हणून पहिला फोन मीच घेतला. पलीकडून खोकत खोकत एक माणूस जर्मनमध्ये म्हणाला, "तुमच्या पेपरात आपला झेंडा आरशातला आहे. मी तुमचा पेपर विकत घेत नाही, घेणारही नाही. दुकानात उभा राहून वाचतो. पण झेंडा माझाही आहे."

मी म्हटलं, आता माझी नोकरी गेली. बाकसाहेब आले, फोटो बघितला आणि शांतपणे चार ओळी लिहून दिल्या. 'काल पान सातवरील छायाचित्र उलटे छापले गेले. दिलगीर आहोत.' पानाच्या तळाशी लहानशा चौकटीत लावायला सांगितल्या. मी विचारलं, "सोलला विचारायला नको?" ते म्हणाले, "छपाईची चूक असेल तर दुरुस्ती त्या पानाच्या संपादकाने छापायची. कुणाला विचारायचं नाही, कुणापासून लपवायचं नाही. आमच्याकडे पहिल्यापासून हा नियम आहे." फोन करणाऱ्याचं वर्णन मी सांगितलं तसा मात्र त्यांचा चेहरा पडला. "खोकत होता? ड्यूसबुर्गचा? तो हान असणार," म्हणाले आणि वर निघून गेले.

त्यानंतर पुष्कळ वर्षं गेली. फिल्म गेल्या, कॉम्प्युटर आले, माझे केस गेले. बारा-तेरा वर्षांपूर्वी, ऑक्टोबरमधल्या एका भिजक्या दुपारी, छापखान्याच्या दारात एक म्हातारा उभा. उंच, खांदे पडलेले, डाव्या गालावर वाटाण्याएवढा तीळ. जिना चढवेना म्हणून माझ्याच स्टुलावर टेकला. खोकला ऐकला आणि मी ओळखलं.

"झेंडा तुम्हीच उलटा लावला होता ना?" त्याने विचारलं.

"मीच. अजून राग आहे?"

"नाही. पण आज मला तसली चौकट हवी आहे," असं म्हणून त्याने पिशवीतून दोन कागद काढले, पहिला म्हणजे या पेपरचं पिवळं पडलेलं कात्रण.

बाकसाहेबांना खाली बोलावलं. दोघं कोरियनमध्ये बोलले, मग हानने मला जर्मनमध्ये सांगितलं. मला का सांगितलं? मला वाटतं, दुसरं कुणी ऐकून घेणारं नव्हतं म्हणून.

तरुणपणी तो ड्यूसबुर्गच्या खाणीत होता. एकदा एका मित्राबरोबर पूर्व बर्लिनला जेवायला गेला. मित्राचा मित्र तिथे होता, तो उत्तरेचा निघाला. नूडल्स खाल्ल्या, गाणी म्हटली, परत आला. एवढंच. दोन वर्षांनी आईच्या साठीसाठी गावी गेला तेव्हा विमानतळावरच उचलला. पाच वर्षं तुरुंग. बायको इथे नर्स होती, तिने आणि तिच्या इस्पितळाने इथल्या सरकारच्या मागे लागून त्याला सोडवून परत आणलं. पण तोवर या पेपरने पहिल्या पानावर त्याचा फोटो छापला होता, खाली 'उत्तरेचा हस्तक'. थोरल्या भावाची शिक्षकाची नोकरी गेली. गावाने त्या घराशी बोलणं टाकलं. आई गेली तेव्हा भावाने निरोप पाठवला, येऊ नकोस.

"आणि आता हे," म्हणत त्याने दुसरा कागद पुढे केला. सोलच्या कोर्टाने त्याचा खटला पुन्हा चालवला होता आणि त्याला निर्दोष ठरवलं होतं. जबाब मारहाण करून घेतला होता हे कोर्टानेच मान्य केलं होतं. दुसऱ्या पेपरांत छोट्या बातम्या आल्या. या पेपरात नाही.

"मी भावाला निकाल पाठवला. दुसऱ्या पेपरांची कात्रणं पाठवली. तो आता ब्याऐंशी वर्षांचा आहे. त्याने एका ओळीचं उत्तर दिलं," हान म्हणाला. "ज्या पेपरात छापलं होतं त्या पेपरात येऊ दे. मग ये."

ऐकणाऱ्याला भाऊ हेकट वाटेल. मला नाही वाटला. माझे वडील अगदी तसेच होते. घरातल्या माणसाने डोळ्यांनी बघितलेलं त्यांना पटायचं नाही, आणि "पेपरात आलंय" म्हटलं की वाद खलास. अशा माणसाला कोर्टाचा कागद काय कामाचा? त्याच्या घराची अब्रू पेपरने घालवली होती, ती पेपरनेच परत द्यायची होती. आणि हानचे डॉक्टर म्हणाले होते की फुप्फुसांत कोळसा आहे, वर्षभर काढलं तरी पुष्कळ.

बाकसाहेबांनी सोलला लिहिलं. नकार आला. पुन्हा लिहिलं, पुन्हा नकार: पान सातवर कोर्टाच्या बातम्या नकोत. तिसऱ्यांदा उत्तरच आलं नाही. हान दर मंगळवारी यायचा, माझ्या स्टुलावर बसायचा, मी 'नाही' म्हणून मान हलवली की उठायचा. एका मंगळवारी तो बाकसाहेबांना म्हणाला, "मृत्यूच्या बातम्या सोल तपासत नाही ना? मग मी मेलो असं छापा. त्यात घाला निर्दोष होता म्हणून." बाकसाहेब पांढरेफटक पडले. जिवंत माणसाची असली बातमी आपल्या हातून जाणार नाही म्हणाले.

त्या दिवशी घरी आलो तो धुमसतच. सुमनला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटता लाटता थांबली. "आणि तुम्ही काय केलंत?"

"मी काय करणार? मी मशीनवरचा माणूस."

"इतकी वर्षं तिथे काय फक्त बटणं दाबताय का हो? तो बिचारा मरायच्या आधी स्वतःला मारायला निघालाय!"

मला झोंबलं. दुसऱ्या दिवशी मी शक्कल काढली. मशीन सुरू झालं की पहिले काही शे कागद खराब निघतात, शाई जमत नाही, रंग बसत नाही. जर्मन लोक त्याला माकुलाटूर म्हणतात, ते रद्दीत जातं. मी बाकसाहेबांना म्हटलं, एक वेगळी प्लेट करू. सुरुवातीच्या दहा-वीस प्रतींवर हानची बातमी छापू, मग प्लेट बदलू. एक प्रत भावाला जाईल, बाकीच्या रद्दीत. ना सोलला पत्ता, ना कुणाला. मला माझ्या डोक्याचं फार कौतुक वाटत होतं.

बाकसाहेब इतके चिडलेले मी कधी बघितले नव्हते. टेबलावर हात आपटला त्यांनी. "शिंदे! खोटा पेपर? एका म्हाताऱ्याला फसवायला खोटा पेपर? खोटं सगळ्या प्रतींत छापलं होतं, खरं रद्दीत छापायचं?" मग खुर्चीत बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "मी तेव्हा सोलला मुद्रितशोधनात होतो. नुकताच लागलो होतो. पहिलं पान माझ्या हाताखालून गेलं असणार. मी अक्षरं तपासली असतील. अक्षरं बरोबर होती."

हानने आणलेलं जुनं कात्रण टेबलावरच होतं, ते उगाच उचललं. वाचता येत नाही, म्हणून फोटोच बघितला. तरुण हान, दोन पोलिसांच्या मध्ये. तीळ उजव्या गालावर होता.

"बाकसाहेब," मी म्हटलं, "हा फोटो उलटा छापलाय."

"काय?"

"फिल्म पालथी लावलीय कुणीतरी. किंवा ब्लॉक करताना. मी झेंडा लावला होता तशीच. हानचा तीळ डावीकडे आहे, दर मंगळवारी माझ्या स्टुलावर बसतो तो माणूस. हे बघा, कोटाची बटणंसुद्धा उलट्या बाजूला आहेत."

त्यांनी भिंग घेतलं. आधी तीळ बघितला, मग बटणं. मग विचारलं, "ही छपाईची चूक आहे?"

"शंभर टक्के. धंद्याने सांगतो."

"छपाईच्या चुकीला सोलची परवानगी लागत नाही," ते म्हणाले. "गेनाऊ," मी म्हटलं. म्हणजे अगदी बरोबर. आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द मनापासून म्हटला असेन.

त्यांनी खालीच, माझ्या टेबलाशी उभं राहून लिहिलं. लिहून झाल्यावर मला जर्मनमध्ये वाचून दाखवलं, ते मला आजही पाठ आहे. 'अमुक दिवशीच्या पहिल्या पानावर श्री. हान यांचे छायाचित्र उलटे छापले गेले. त्यांचा तीळ डाव्या गालावर आहे. छायाचित्राखालचा उत्तरेचा हस्तक हा उल्लेखही चुकीचा होता. ते निर्दोष असल्याचा निकाल न्यायालयाने दिला आहे. दोन्ही चुकांबद्दल दिलगीर आहोत.' सोबत फोटो, सरळ केलेला. पान सात, तळाची चौकट. मशीन सुरू झालं तेव्हा बाकसाहेब खाली येऊन उभे राहिले आणि शेवटची प्रत निघेपर्यंत हलले नाहीत. त्या दिवशीच्या प्रत्येक प्रतीत, हॅम्बर्गच्या नर्सबाईंच्या प्रतीतसुद्धा, ती चौकट होती. बाईंनी त्या शुक्रवारी ती कापून पाठवली. दहापैकी दहा.

तीन दिवसांनी सोलचा फोन आला. बाकसाहेब उभं राहूनच बोलले, प्रत्येक वाक्याला मान लववत. त्यांचा करार मार्चअखेर संपवायचा ठरला. मी हळहळलो तर म्हणाले, "नियम मी मोडला नाही, शिंदे. ते तसं म्हणालेही नाहीत." सोलच्या मुख्य अंकात ती दुरुस्ती कधीच आली नाही, हेही सांगायला हवं. आली आमच्या पान सातवर, आणि पान सात युरोपभर किती लोक वाचायचे ते मला माहीत आहे. त्याचा राग मला अजून आहे.

हानने तो अंक भावाला पाठवला. तीन आठवडे काही नाही. मंगळवारी तो यायचा, आता मान हलवायची पाळी त्याची. मग डिसेंबरात एका मंगळवारी आला तो दारातच उभा राहिला, हसत होता की रडत होता कळेना. भावाचा फोन आला होता. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. मी विचारलं, "काय म्हणाला?"

"म्हणाला, खोकला कसा आहे? मला लहानपणापासून खोकला. आई मध आणि आलं द्यायची. तो विसरला नव्हता." मग म्हणाला, "आणि म्हणाला, एवढ्या बारीक अक्षरात का छापलं? भिंग घ्यावं लागलं!" आम्ही दोघं त्या घाणेरड्या छापखान्यात वेड्यासारखे हसलो. मार्चच्या सुरुवातीचं तिकीट काढायचं ठरलं, आईच्या थडग्यावर जायला. सुमनने त्याला बरणीभर आल्याची वडी दिली. तो म्हणाला, आईच्या औषधापेक्षा तिखट आहे.

हान फेब्रुवारीत गेला.

मला अजूनही रुखरुख लागते. ऑक्टोबरात, पहिल्याच मंगळवारी मी त्या कात्रणाकडे नीट बघितलं असतं तर? फोटो बघणं हा माझा धंदा. दीड महिना तो कागद टेबलावर होता आणि मी मान हलवत बसलो. दीड महिना आधी बघितलं असतं तर तो जानेवारीत गेला असता, गावी, आईच्या टेकडीवर. सुमन म्हणते, असा हिशोब करू नये. पण होतो.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, बाकसाहेबांच्या शेवटच्या अंकासाठी, कोरियाहून मृत्यूची एक बातमी आली. त्यांच्याकडे अशा बातमीत शोक करणाऱ्यांची नावं छापतात, मानाच्या क्रमाने. बाकसाहेबांनी कागद माझ्यासमोर ठेवला आणि बोट ठेवून एकेक सांगितलं. हानचं नाव. मग शोक करणाऱ्यांत सगळ्यात वर, एका ओळीत एकटं, थोरल्या भावाचं. त्याने स्वतः हाताने लिहून पाठवलं होतं. शेवटच्या ओळीवर बाकसाहेबांचं बोट थांबलं. "अस्थी गावी येत आहेत. जागा, आईच्या शेजारी."

त्यांनी फोटो दिला. मी विचारलं, "लाल ठिपका?" ते म्हणाले, "तुम्हाला लागतो?"

पान लावलं. प्लेट करण्याआधी पडद्यावर फोटो मोठा केला, मग प्रूफ काढलं, मग पहिली प्रत निघाली ती दिव्याखाली धरली. तिन्ही वेळा तीळ डाव्या गालावरच होता. मग मी मशीनचा वेग वाढवला.